कर्टोलीचा वेल नर की मादी? फुले ओळखणे, परागीभवन आणि फळधारणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या रानात मृगाचा पाऊस लागला की कर्टोलीचे वेल जुन्या गड्ड्यांतून आपोआप वर येतात. आपल्याकडच्या बाजारात कोणी कर्टोली म्हणतो, कोणी कंटोळी, कन्नड बोलणारे मडहागल म्हणतात. भाजीला मागणी असते, म्हणून रानातले गड्डे आणून परसात, बांधावर किंवा मांडवावर लावणारेही बरेच आहेत. त्यांची तक्रार बहुधा एकच असते : वेल जोमाने वाढतो, फुलेही भरपूर येतात, फळ मात्र धरत नाही. अशा वेळी आधी खत नाही, फूल बघावे. वेल नर असतो, नाहीतर मादी असून जवळपास नर नसतो. पुढची सगळी उत्तरे या एका गोष्टीभोवती आहेत.

एकाच वेलावर दोन्ही फुले का येत नाहीत? कारल्याला तर येतात.

कारले, दोडका, काकडी, भोपळा यांच्या एकाच वेलावर नरफुले आणि मादी फुले वेगवेगळी, पण दोन्ही येतात. कर्टोलीत वेलच नर किंवा मादी असतो. नर वेल आयुष्यभर नरफुलेच देतो, त्याला कधीही फळ लागत नाही. मादी वेलावर फक्त मादी फुले येतात आणि नराचा पराग मिळाला तरच त्यांचे फळ होते. शास्त्रीय नाव मोमोर्डिका डायोइका. त्यातल्या ‘डायोइका’चा अर्थच नर-मादी वेगळ्या वेलांवर असणे, असा आहे.

फुलावरून नर-मादी नेमकी कशी ओळखायची?

दोन्ही फुले पिवळी, पाच पाकळ्यांची आणि पानाच्या बेचक्यात एकेकटी येणारी असतात. लांबून फरक कळत नाही. फूल हातात धरून तीन ठिकाणी बघा.

पहिले ठिकाण पाकळ्यांच्या खाली. मादी फुलाच्या मागे मऊ काट्यांचे छोटे हिरवे फळ आधीपासूनच तयार असते. हे अंडाशय. नरफुलाच्या मागे असे काही नसते, देठ सरळ फुलाला भिडतो.

दुसरे ठिकाण देठ. नरफुलाच्या देठाच्या टोकाला, अगदी फुलाला चिकटून, एक गोलसर खोलगट हिरवे पान असते. कळी लहान असताना हे पान तिला जवळजवळ पूर्ण झाकून ठेवते. मादी फुलाच्या देठावरही असे पान असते, पण ते अगदी बारीक असते आणि फुलापासून दूर, देठाच्या बुडाकडे असते. ही खूण सर्वांत भरवशाची, कारण पावसाने पाकळ्या झडल्या तरी ती राहते.

तिसरे ठिकाण फुलाच्या मधोमध. नरफुलात पुंकेसर असतात. बोट लावले की पिवळी भुकटी बोटाला लागते. मादी फुलात मधोमध दांडा आणि त्यावर फाटे फुटलेला ओलसर, चिकट भाग असतो, भुकटी नसते. भर पावसात नरफुलाचीही भुकटी धुऊन गेलेली असते. त्यामुळे फक्त या तिसऱ्या खुणेवर निर्णय देऊ नका.

फूल उमलायची वाट न बघता कळीतच ओळखता येते का?

येते. कळी वाटाण्याएवढी झाली की पुरे. हिरव्या पानात गुंडाळलेली कळी नराची. उघडी कळी आणि तिच्या खाली बारीक काट्यांचा फुगीर भाग दिसला तर ती मादी. पहिल्या दोन-चार कळ्या बघून वेलाला खूण करून टाकावी.

फूल येण्याआधी पान, खोड किंवा गड्ड्यावरून ओळखण्याची काही युक्ती?

नाही. नराचे पान जास्त कातरलेले असते, मादीचा गड्डा गोल असतो, अशा खुणा लोक सांगतात, पण त्यावर पैसे लावू नयेत. पानाचा आकार एकाच वेलावर खालून वरपर्यंत बदलतो. गड्ड्याचा आकार वय, माती आणि दगडगोटे ठरवतात. शेतात खात्री देते ते फक्त फूल.

बियांपासून लावले तर चालेल का?

चालते, पण परवडत नाही. बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात. म्हणजे मांडव, बांबू, पाणी आणि राखण यांचा निम्मा खर्च फळ न देणाऱ्या वेलांवर जातो, आणि हे कळते पहिले फूल आल्यावरच. शिवाय बियांचे कवच कठीण असते, उगवण उशिरा आणि मागेपुढे होते. बी लावायचेच असेल तर पूर्ण पिकून नारिंगी झालेल्या फळातले घ्या, लाल गर धुऊन काढा, कवच थोडे खरवडून दिवसभर पाण्यात भिजवा आणि एका खड्ड्यात दोन-तीन बिया टाका. फुले आल्यावर जास्तीचे नर काढता येतात. अनुभवी लागवडदार बियांच्या वाटेला जात नाहीत, गड्डेच लावतात.

मादी वेलाचे गड्डे खात्रीने कसे मिळवायचे?

काम दोन हंगामांत विभागलेले आहे आणि नेमकी इथेच गफलत होते. गड्डे काढायचे ते वेल वाळल्यानंतर, जानेवारी ते मार्च-एप्रिलच्या दरम्यान. पण तेव्हा जमिनीवर काहीच दिसत नाही, मग नर कोणता आणि मादी कोणती हे कसे कळणार? म्हणून खूण पावसाळ्यात, फुले असतानाच करायची.

आषाढ-श्रावणात वेल फुलात असताना प्रत्येक वेलाच्या बुडाशी खुंटी ठोका. मादीच्या खुंटीला तेलरंगाचा लाल पट्टा, नराच्या खुंटीला पांढरा. चिंधी किंवा साधा दोरा बांधू नका, पावसात कुजतो आणि गुरे ओढून नेतात. फळ मोठे, भरपूर आणि लवकर देणाऱ्या मादीला दोन पट्टे द्या, पुढच्या वर्षी तिचेच गड्डे वाढवायचे आहेत. नरातही निवड करा. जास्त दिवस फुलत राहणारा नर ठेवा.

गड्डा काढताना खुंटीपासून हातभर अंतरावरून खणत या. कोंब गड्ड्याच्या वरच्या टोकाला, जुन्या खोडाच्या बुडख्यापाशी फुटतो. ते टोक तुटले तर उरलेला गड्डा कितीही मोठा असला तरी बहुधा फुटत नाही. मोठा गड्डा कापायचा असेल तर उभा कापा, प्रत्येक तुकड्याला वरच्या टोकाचा भाग आला पाहिजे. कापलेल्या बाजूला राख लावून एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. लगेच लावायचे नसतील तर कोरड्या वाळूत, नर आणि मादी वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवा.

रानातून आणत असाल तर सगळे गड्डे उपसू नका. जंगल खात्याच्या हद्दीतून खणून आणणे तर टाळाच. दोन चांगल्या माद्या आणि एक नर मिळाला की पुढची वाढ आपल्याच रानात करता येते.

किती माद्यांना किती नर लागतात आणि ते कुठे लावायचे?

आठ ते दहा माद्यांमागे एक नर. सोपी मांडणी अशी : तीन-तीन खड्ड्यांच्या तीन ओळी, मधल्या खड्ड्यात नर आणि भोवती आठ माद्या.

एक गुंठा रान म्हणजे साधारण ३३ फूट लांब-रुंद. दोन्हीकडे २ मीटर अंतर ठेवले तर ५ ओळींत ५ प्रमाणे २५ खड्डे बसतात. त्यात २२ माद्या आणि ३ नर ठेवा. दुसऱ्या ओळीत दुसरा आणि चौथा खड्डा नराचा, चौथ्या ओळीत मधला खड्डा नराचा. सगळे नर एका कडेला लावले तर लांबच्या माद्यांपर्यंत पराग कमी पोचतो.

खड्डा ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल, त्यात दोन-तीन किलो कुजलेले शेणखत. कोंबाचे टोक वर ठेवून गड्डा दोन-तीन इंच मातीखाली राहील असा लावा. वळीव झाल्यावर, मृगाच्या तोंडाशी लावलेला गड्डा लवकर फुटतो. पाणी साचणाऱ्या जागी, विशेषतः चिकोडी-रायबागच्या काळ्या जमिनीत, उंचवटा करूनच लावा, नाहीतर गड्डा सडतो. मांडव पाच-सहा फूट उंच असावा, म्हणजे फुलापर्यंत हात सहज पोचतो.

परसात तीन-चारच माद्या असतील तरी नर दोन ठेवा. एकच ठेवला आणि तो ऐन फुलोऱ्यात मेला तर त्या वर्षीची भाजी गेली.

नर वेल नुसती जागा अडवतात. काढून टाकले तर?

दरवर्षी कोणीतरी हे करते आणि मग माद्यांची फुले पिवळी पडून गळतात. वर सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त असलेले नर जरूर काढा, पण माद्यांना फुले येऊन फळधारणा सुरू झाल्यानंतर. नर बहुधा मादीच्या आधी फुलू लागतो, म्हणून सुरुवातीला सगळे रान नरांचेच वाटते. त्या घाईत हात चालवू नका.

माझा नर आधी फुलून संपतो आणि मादी मागून येते. काय करावे?

दोन-तीन नर असतील तर त्यातल्या एकाचा शेंडा फुले येण्याआधीच खुडा, किंवा वेल दोन-तीन पेरांवर छाटा. बाजूच्या फांद्या फुटून त्याची फुले मागाहून येतात. नराचे गड्डे दोन वेगळ्या ठिकाणांहून आणले तरी फुलोरा मागेपुढे होतो आणि काळ भरून निघतो. नराला युरिया जास्त देऊ नका, नुसता पाला वाढतो.

फुले दिवसा कधी उमलतात?

हे आधी तपासायलाच हवे, कारण आपल्या भागात ‘कर्टोली’ या नावाखाली एकच जात नसते. खरी कर्टोली, म्हणजे मोमोर्डिका डायोइका, संध्याकाळी उमलते. फुलाला अंधार पडल्यावर वास सुटतो आणि पतंग त्यावर येतात. पश्चिम घाटात तिची एक जवळची जात आहे, मोमोर्डिका सह्याद्रिका. २००७ साली तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. तिची फुले मोठी, गडद पिवळी असतात आणि सकाळी उमलतात.

म्हणून सलग दोन दिवस संध्याकाळी सहा ते आठ आणि पहाटे पाच ते सात वेलाखाली जाऊन बघा. उद्या किंवा आज उमलणारी कळी फुगलेली असते आणि तिच्या टोकाला पिवळा रंग दिसतो. नर-मादी दोन्ही एकाच वेळी उमलणारे हवेत. संध्याकाळच्या मादीजवळ सकाळचा नर लावून उपयोग नाही.

हाताने परागीभवन कसे करायचे?

वेल थोडे असतील किंवा पाऊस सारखा असेल तर हे काम केलेच पाहिजे. खर्च काही नाही, वेळेला मात्र फार महत्त्व आहे.

१. त्या दिवशी उमलणाऱ्या नरकळ्या देठासकट तोडा. पावसाचे चिन्ह असेल तर दुपारीच तोडून देठ पाण्यात बुडतील अशा पेल्यात घरात ठेवा. संध्याकाळी त्या घरात उमलतात आणि पराग कोरडा राहतो.

२. फूल पूर्ण उमलल्यावर पाकळ्या अलगद मागे मुडपा किंवा काढून टाका, म्हणजे पुंकेसर उघडे होतील. अंगठ्याच्या नखावर टेकवून बघा. पिवळी भुकटी लागली तरच फूल वापरा.

३. ताजे उमललेले मादी फूल देठाला धरून स्थिर करा. अंडाशय चिमटीत धरू नका, त्याचे मऊ काटे दबले की तिथे डाग पडतो.

४. नरफुलाचे पुंकेसर मादीच्या मधल्या चिकट भागावर हलकेच दोन-तीन वेळा फिरवा. सगळ्या फाट्यांना भुकटी लागली पाहिजे. एका बाजूलाच लावली तर फळ एका बाजूला वाकते.

५. एका नरफुलावर चार-पाच माद्या करा. त्यानंतर भुकटी उरत नाही, नवे फूल घ्या.

६. झालेल्या फुलाच्या देठाला रंगीत लोकरीचा धागा सैल बांधा. पुढे किती धरली ते मोजता येते.

संध्याकाळी उमलणाऱ्या जातीत हे काम उमलल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत, विजेरीच्या उजेडात करावे. जमले नाही तर पहाटे करा, पण तेव्हा यश कमी येते. सकाळी उमलणाऱ्या जातीत ऊन चढण्याआधी संपवा. दुसऱ्या दिवशी दुपारी कोमेजलेल्या फुलावर भुकटी लावणे म्हणजे वाया श्रम.

पावसाची झड लागली तर?

कणकुंबी-जांबोटीकडे जुलैत अशीच झड असते. ओल्या पुंकेसरातला पराग पाण्यात फुगून फुटतो आणि पतंगही उडत नाहीत. नरकळ्या घरात उमलवणे हा यावरचा खरा उपाय. मादी फूल ओले असेल तर टिपकागदाच्या टोकाने पाणी टिपून घ्या, मग पराग लावा आणि त्यावर कागदी कप उलटा अडकवा. दुसऱ्या दिवशी कप काढा, नाहीतर आत बुरशी धरते. अथणी-रायबागकडे अडचण उलटी : पावसात खंड पडला की कळ्या उमलण्याआधीच सुकतात. तिथे फुलोऱ्यात आळ्यात ओल टिकवा आणि पालापाचोळ्याचे आच्छादन द्या.

परागीभवन झाले हे कधी कळते?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी. धरलेले फळ फुगते, गर्द हिरवे होते आणि देठ खाली झुकतो. न धरलेले अंडाशय आहे तेवढेच राहते, पिवळे पडते, सुरकुतते आणि गळते.

पण माझी फळे मोठी होऊन मग पिवळी पडतात. तेही परागाअभावी का?

नाही, तो फळमाशीचा त्रास असण्याची शक्यता जास्त. पिवळे पडलेले फळ चिरून बघा. आत पांढऱ्या अळ्या किंवा पाणचट सडका भाग असेल तर माशीने डंख मारला आहे. बी बारीक, चपटे आणि आत स्वच्छ असेल तर परागीभवन अर्धवट झाले.

फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे (नर माशीला वासाने ओढणारे) सापळे एकरी ८ ते १०, फुलोरा सुरू होतानाच लावा. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरा किंवा बंद पिशवीत भरून उन्हात ठेवा. बांधावर टाकली तर अळ्या तिथेच मातीत कोष करतात आणि नवी माशी तयार होते. पाकळ्या आणि पुंकेसर कुरतडलेले दिसले तर लाल भुंगेरे किंवा हिंगे आहेत. ते नरफूल आतून खाऊन टाकतात, मग बाहेरून फूल दिसते पण पराग नसतो. पहाटे सुस्त असताना ते हातमोजे घालून वेचा, कारण हिंग्यांच्या अंगातल्या रसाने कातडीला फोड येतात.

फुलोऱ्यात औषध फवारले तर चालते का?

शक्यतो नको. लागलेच तर फूल उमलण्याच्या वेळेपासून जितके लांब जाता येईल तितके जा. संध्याकाळी उमलणाऱ्या जातीवर सकाळी, सकाळी उमलणाऱ्यावर फुले मिटल्यानंतर.

आपल्या भागात याहून मोठा धोका शेजारच्या उसातून येतो. रुंद पानांच्या तणासाठी मारलेले २,४-डी वाऱ्याबरोबर वेलावर आले की पाने आकसून कातरल्यासारखी होतात, शेंडे पिळवटतात आणि कळ्या गळतात. शेजाऱ्याला फुलोऱ्याचे दिवस आधीच सांगून ठेवा, आणि २,४-डी वापरलेला पंप या वेलांना कधीच वापरू नका. कितीही धुतला तरी नाही.

औषध मारून नराची मादी करता येते का?

नाही, शेतात असे करता येत नाही. सिल्व्हर नायट्रेट फवारून मादी वेलावर पुंकेसर असलेली फुले आणता येतात, हे प्रयोगांत दिसले आहे. पण ते संशोधकांचे बीजनिर्मितीचे काम आहे. ‘नर वेलाला फळ आणणारे टॉनिक’ म्हणून कोणी बाटली विकत असेल तर घेऊ नका.

तोंडलीला नर लागत नाही, मग कर्टोलीलाच का?

तोंडलीतही नर-मादी वेल वेगळे असतात. पण लागवडीतले तोंडलीचे वेल मादी असतात आणि त्यांना परागाशिवाय फळ धरते, म्हणून छाट लावला की काम भागते. कर्टोलीत ही सोय नाही.

नर नाही तर कारल्याचा पराग लावू का?

दोघे एकाच कुळातले, पण भरवशाचे फळ धरत नाही. त्यापेक्षा शेजारच्या गावातून नरफुले आणा. देठ पाण्यात ठेवून आणलेली फुले त्याच संध्याकाळी वापरता येतात.

अथणी-तेलसंगकडे द्राक्ष आहे. द्राक्षातही नर-मादी वेल असतात का?

आपल्या बागांतल्या थॉमसन सीडलेससारख्या जातींची फुले द्विलिंगी आहेत. फुलाची टोपी गळते, पुंकेसर मोकळे होतात आणि त्याच फुलात काम होते. बी नसलेल्या थॉमसनलाही परागीभवन लागतेच, फक्त धरलेले बी पुढे वाढत नाही. रानटी द्राक्षांत मात्र नर आणि मादी वेल वेगळे असतात. अमेरिकेच्या आग्नेय भागातले मस्कडाइन द्राक्ष हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे स्कपरनाँग आणि फ्राय या जाती मादी आहेत. त्यांच्या फुलात पुंकेसर दिसतात, पण ते मागे वाकलेले असतात आणि त्यांचा पराग निकामी असतो. म्हणून जवळ कार्लोस किंवा नोबलसारखी द्विलिंगी जात लावावी लागते. नुसते पुंकेसर दिसले म्हणून फूल नर ठरवता येत नाही ते असे.

फळ कधी तोडायचे?

परागीभवनानंतर १२ ते १५ दिवसांत, हिरवे आणि बी कोवळे असताना. एक दिवसाआड तोडणी ठेवा. वेलावर फळ पिकू दिले तर पुढची फुले कमी येतात. बियांसाठी ठेवायचे फळ शेवटच्या बहरातले ठेवा.

गड्डे विकत घेताना काय विचारावे?

नर आणि मादी वेगळे बांधून, नाव लिहून देणार का, हे पहिले. फुलात असताना खूण केली होती का, हे दुसरे. फूल संध्याकाळी उमलते की सकाळी, हे तिसरे. या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर गड्डे स्वस्त असले तरी घेऊ नका. लागवडीच्या जातींत रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाची ‘इंदिरा कंकोडा-१’ माहीत असलेली आहे. मात्र जातीचे नाव काहीही असले तरी नर वेगळा मागून घ्यावाच लागतो. आपल्या जिल्ह्यात गोकाकजवळचे अरभावीचे उद्यानविद्या महाविद्यालय आणि बैलहोंगल तालुक्यातले मत्तीकोपचे कृषी विज्ञान केंद्र इथे सल्ला विचारता येतो. जाताना वेलाचा फोटो नेऊ नका. फूल आणि कळी देठासकट, ओल्या कापडात गुंडाळून न्या.